नोकरी वेर्ण्याला, बिऱ्हाड कुठे?

पावसाळ्याच्या तोंडावर नोकरीनिमित्त गोव्यात येणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे दरवर्षी येतात. या वेळच्या पत्रांपैकी तीन पत्रे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील शंका पुष्कळांच्या असल्यामुळे त्या उत्तराला जागा अधिक दिली आहे.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असून वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात मला नोकरी मिळाली आहे. ही माझी पहिलीच नोकरी असून जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे आहे. आमच्या घरातले कोणीही यापूर्वी गोव्यात राहिलेले नाही. राजधानीचे शहर म्हणून मी पणजीत राहावे, असे वडिलांना वाटते. मला मात्र इंटरनेटवर कळंगुटला समुद्राजवळचा एक सुसज्ज फ्लॅट फार कमी भाड्यात दिसला आहे. मालक लष्करात असून त्यांची बदली झाल्यामुळे ते भेटू शकत नाहीत. घर पाहण्याच्या ‘गेट पास’साठी त्यांनी थोडी रक्कम मागितली असून ती परत मिळेल, असे ते म्हणतात. ती पाठवावी का, आणि राहण्यासाठी कोणता भाग निवडावा? — एक वाचक, सांगली

उत्तर : एक पैसाही पाठवू नका. बदली झालेला लष्करी अधिकारी, चालू दरापेक्षा पुष्कळ कमी भाडे, चकचकीत छायाचित्रे आणि घर पाहण्यापूर्वीच मागितलेली ‘परत मिळणारी’ रक्कम हा फसवणुकीचा देशभर ठाऊक झालेला साचा आहे. पहिली रक्कम मुद्दाम लहान मागतात, म्हणजे माणूस फारसा विचार करत नाही. त्यानंतर अनामत रकमेचा काही भाग ‘पडताळणीसाठी’ मागितला जातो आणि शेवटी सगळे पैसे परत करतो असे सांगून क्यूआर कोड पाठवून त्यावर यूपीआयचा पिन टाकायला लावतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातले पैसे जातात, एवढे पक्के लक्षात ठेवा. लष्करी ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले असेल तर त्यानेही विरघळू नका, कारण ते बहुधा दुसऱ्याच कोणाचे असते. या व्यवहारात तुमच्याकडून काही रक्कम आधीच गेली असेल, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक.

तो फ्लॅट खराखुरा असता, तरी तुम्ही तो घेऊ नये असेच मी सुचवले असते. कळंगुट हे बार्देश तालुक्यात, मांडवीच्या उत्तरेला आहे, तर वेर्णा सासष्टीत, झुआरीच्या दक्षिणेला. म्हणजे रोज सकाळी दोन नद्या ओलांडून ३५ ते ४० किलोमीटर जायचे आणि दिवसभर प्रयोगशाळेत उभे राहून संध्याकाळी तितकेच परतायचे. याहून मोठी अडचण हंगामाची आहे. किनारपट्टीतील पुष्कळ घरमालक पावसाळ्यात रिकामी पडलेली घरे महिन्याच्या भाड्याने देतात आणि ऑक्टोबर उजाडला की पर्यटकांना दिवसाच्या दराने द्यायची म्हणून ती परत मागतात. जुलैत स्वस्तात मिळालेले घर नेमके तुमचा परिविक्षा काळ चालू असताना सोडावे लागेल आणि त्या दिवसांत आसपास दुसरे घर परवडणार नाही. यात घरमालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे वर्षभराचे उत्पन्न त्या पाच-सहा महिन्यांवर अवलंबून असते. मात्र पगारदार माणसाने त्या गणितात शिरू नये.

वडिलांची सूचना याहून विचारात घेण्यासारखी आहे, परंतु पणजीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. पणजीहून वेर्णा २० ते २५ किलोमीटर आहे. झुआरीवरचा नवा पूल २०२३ च्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या वाहतुकीसाठी पूर्ण खुला झाल्यापासून आगशी-कुठ्ठाळीच्या टप्प्यावर जुन्या पुलामुळे होणारा खोळंबा पुष्कळ कमी झाला. तथापि बाहेरून येणाऱ्याला ठाऊक नसते ती गोष्ट अशी, की पणजी-मडगाव मार्गावरची कदंब या गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची लोकप्रिय शटल बस मध्ये कुठेही थांबत नाही. तिचे तिकीट खिडकीवर रांग लावून आधी काढायचे असते आणि ती थेट मडगावला नेऊन सोडते. वेर्ण्याला उतरायचे तर थांबे घेत जाणारी साधी बस पकडावी लागते, महामार्गावर उतरल्यानंतर वसाहतीच्या आतला रस्ता उरतोच, आणि ऐन जुलैच्या पावसात छत्री सांभाळत तो पायी तुडवणे सोपे नाही. संध्याकाळी आठनंतर खाजगी बसगाड्या झपाट्याने कमी होतात, रविवारी तर दिवसाही त्या तुरळक असतात. मुंबई-पुण्याच्या सवयीने ‘काहीतरी मिळेलच’ असे गृहीत धरून गोव्यात चालत नाही.

म्हणून भाग निवडण्याआधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला एकच प्रश्न विचारा : कर्मचाऱ्यांसाठी कंपनीची बस आहे का, असल्यास तिचा मार्ग, थांबे आणि प्रत्येक पाळीची वेळ काय? वेर्ण्यातील अनेक कारखान्यांच्या बस मडगाव, वास्को, फोंडा, पणजी अशा निरनिराळ्या दिशांनी येतात. ज्या थांब्यावर तुमची बस थांबते, त्या थांब्यापासून पायी दहा मिनिटांच्या आत घर शोधायचे, हा माझा तुम्हाला मुख्य सल्ला आहे. शहराचे नाव त्यानंतर. गुणवत्ता विभागातही पाळ्या असू शकतात, तेव्हा पहाटेच्या पाळीला बस किती वाजता येते आणि उशिरा सुटणाऱ्या पाळीतल्या महिलांना घरापर्यंत सोडण्याची काय व्यवस्था आहे, हे रुजू होण्याआधीच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

बसचा मार्ग अनुकूल असेल, तर माझा कौल मडगावला आहे. फातोर्डा, बोर्डा किंवा वेर्ण्याच्या वाटेवरचे नुवे हे भाग तुमच्या दृष्टीने सोयीचे आहेत. कारखाना १० किलोमीटरच्या आसपास, रेल्वे स्थानक जवळ असल्यामुळे सुट्टीत घरी जाणे सोपे, आणि बाजार, खानावळी, दवाखाने हाताशी. मडगाव गजबजलेले आहे, पणजीसारखे देखणे नाही. पाहुण्यांना हिंडवायला पणजीच बरी. पण रोज पहाटे उठून कामावर जाणाऱ्या मुलीला मांडवीच्या काठापेक्षा अर्धा तास जास्त झोप अधिक उपयोगी पडते, असे माझे प्रामाणिक मत आहे. वेर्णा किंवा आसपासच्या गावांत जुन्या घरांच्या खोल्याही भाड्याने मिळतात आणि त्या स्वस्त असतात. मात्र संध्याकाळनंतर तेथे स्वतःच्या दुचाकीशिवाय हालचाल होत नाही, म्हणून पहिल्या वर्षी तो पर्याय नको.

घर सांगलीहून ठरवू नका. पहिला महिना पेइंग गेस्ट म्हणून किंवा नोकरदार महिलांच्या वसतिगृहात काढा. कंपनीचे अतिथिगृह काही दिवसांसाठी मिळते का, तेही विचारा. ही सोय थोडी महाग पडली तरी त्या महिन्यात बस खरोखर किती वाजता येते, कोणता रस्ता पाण्याखाली जातो आणि कोणत्या सहकारी मुली खोलीसाठी जोडीदारीण शोधत आहेत, हे सगळे कळते. गोव्यात बरीचशी चांगली घरे जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत; कोणाच्या तरी शेजाऱ्याची वरची खोली रिकामी आहे, हे कारखान्याच्या कँटीनमध्येच कळते. दलालामार्फत घर घेतल्यास तो साधारणपणे एक महिन्याचे भाडे घेतो; ते करार झाल्यावर द्यायचे, घर दाखवल्याबद्दल नव्हे. दुपारी एक ते चार या वेळात मात्र दलालाला किंवा मालकाला फोन करू नका. ती वामकुक्षीची वेळ आहे, आणि त्या वेळी फोन करणाऱ्याविषयी पहिले मत फारसे चांगले होत नाही. चतुर्थीच्या आठवड्यातही शोध थांबवा. सगळा हिंदू गोवा त्या दिवसांत मूळ गावी गेलेला असतो.

पावसात घर पाहायला मिळते आहे, हा तुमचा फायदा समजा. येथे सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मार्चमध्ये नव्यासारखे दिसणारे घर जुलैत आपले खरे रूप दाखवते. भिंतीवरचा ताजा रंग पाहून परत फिरू नका. भिंतीतले कपाट उघडा, आत डोके घालून वास घ्या आणि मागच्या फळीवरून बोटे फिरवा. बोटांना हिरवट-पांढरी भुकटी लागली, तर तुमचे कपडे, चपला आणि प्रमाणपत्रांची फाईल यांची चतुर्थीपर्यंत काय अवस्था होईल, ते तेथेच कळेल. सर्वात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, तर छताच्या कोपऱ्यांत पिवळसर वर्तुळे आहेत का, ते पाहा. कपडे वाळत घालायला छताखाली वारा खेळणारी जागा आहे का, हेही विचारा. दोनच गणवेश असलेल्या माणसाला या प्रश्नाचे महत्त्व पहिल्या आठवड्यातच पटते. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या जुन्या घरात मोबाईलचा सिग्नल पुष्कळदा दारातच थांबतो, म्हणून आतल्या खोलीतून एक फोन लावून बघा. नळाचे पाणी किती वेळ येते आणि टाकी किती जणांत वाटलेली आहे, हे मालकाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला विचारलेले बरे.

गॅसची चिंता नको. पाच किलोचा छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो आणि एकट्या माणसाला तो पुरतो. सकाळ-संध्याकाळ सायकलीचा भोंपू वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, दारावर येतो. पोळी लाटायला वेळ नसलेल्या दिवशी त्याच्याकडची पोई (कोंड्याचा पाव) आणि कोणतीही उसळ एवढ्यावर जेवण होते. पहिली नोकरी असल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तुम्हाला आताच मिळेल. पुढे नोकरी बदलली तरी हाच क्रमांक चालवायचा असतो, तेव्हा तो नीट लिहून ठेवा.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असून माझी पुण्याहून पणजीला बदली झाली आहे. ताळगावला एक फ्लॅट पसंत पडला आहे. मालक पोर्तुगालमध्ये असतात आणि किल्ली त्यांच्या बहिणीकडे आहे. त्या बाईंचे वागणे अतिशय सौजन्याचे आहे. परंतु लेखी करार करायला त्या तयार नाहीत. “आमचे सगळे तोंडीच चालते, कागद केला की भाडेकरू घराला चिकटतो,” असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय तीन महिन्यांची अनामत त्या मागत आहेत. पत्नीला आणि सातवीतल्या मुलाला आणण्यापूर्वी काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : त्या बाईंच्या भीतीमागे काही इतिहास आहे, तो समजून घेतलात तर बोलणी सोपी होतील. गोवा, दमण व दीव इमारती (भाडेपट्टी, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा १९६८ चा आहे, आणि त्याखाली जुना भाडेकरू बाहेर काढणे मालकाला किती जड जाते, याच्या कथा येथील प्रत्येक कुटुंबात ऐकायला मिळतात. त्यात १९७५ च्या मुंडकार कायद्याची भर पडली. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर त्याच्या संमतीने राहणाऱ्या मुंडकारांना त्या कायद्याने संरक्षण दिले, ते योग्यच होते. परंतु ‘कोणाला राहायला दिले की घर गेले’ अशी एक सरसकट धास्ती त्यातून मालकवर्गात रुजली. वस्तुतः मालकाच्या घरात त्याला भाडे देऊन राहणारा माणूस मुंडकार ठरत नाही. म्हणजे आपण येथे ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मोबदला देऊन राहत आहोत, हे सांगणारा कागद मालकाच्याच बाजूने उभा राहतो, आणि तोंडी व्यवहारात तो आधार नाहीसा होतो. बाईंना हे शांतपणे, शक्य तर त्यांच्याच ओळखीच्या वकिलासमोर सांगा. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार स्टँप पेपरवर करून नोटरीकडे नेण्याची येथे सर्रास पद्धत आहे. अकरा महिनेच का, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे आणि तो खटाटोप दोन्ही बाजूंना नको असतो. महाराष्ट्रात अशा कराराची नोंदणी अकरा महिन्यांसाठीही करावी लागते, त्यामुळे पुण्याच्या अनुभवावरून येथील पद्धतीला अपुरी म्हणू नका.

बाईंना आणखी एक गोष्ट दाखवून देता येईल. भाडेकरूची पोलीस पडताळणी करून घेणे गोव्यात घरमालकावर बंधनकारक आहे. तुमचे छायाचित्र, आधार आणि मूळ पत्ता यांसह अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात गेला, की तुम्ही तेथे भाडेकरू म्हणून राहता याची सरकारदरबारी नोंद होते, मग कराराला नकार देण्यात काही उरत नाही. तुम्ही स्वतःच अर्ज भरून त्यांच्या सहीसाठी पुढे ठेवलात, तर त्यांचा त्रासही वाचेल.

खरा प्रश्न मात्र करारावर सही कोण करणार, हा आहे. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची. तिच्यातून आलेला कौटुंबिक कायदा गोव्यात अजून चालू आहे आणि त्यामुळे पती-पत्नींचे, तसेच वारसदार भावंडांचे मालमत्तेतील हक्क एकमेकांत गुंतलेले असतात. किल्ली ज्याच्याकडे, त्याला भाड्याने देण्याचा अधिकार असतोच असे नाही. वीजबिल आणि घरपट्टीची पावती कोणाच्या नावावर आहे ते पाहा, आणि परदेशातील मालकाने बहिणीला दिलेल्या कुलमुखत्यारपत्राची प्रत मागा. ती नसेल तर मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या, भाडे थेट मालकाच्याच बँक खात्यात भरण्याचा आग्रह धरा आणि मुखत्यारपत्र येईपर्यंत अनामत देऊ नका. दोन भावंडांत वाद उपटला आणि दुसऱ्या भावाने दाराला वेगळे कुलूप लावले, असे प्रकार ऐकण्यात आहेत. त्यात हाल भाडेकरूचेच होतात.

अनामतीचे म्हणाल तर तीन महिने ही मागणी अधिक आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो आदर्श कायदा बंधनकारक होत नाही, परंतु बोलणी करताना आधार म्हणून त्याचा उपयोग होतो. दोनवर तडजोड करा आणि रंगरंगोटीचा खर्च अनामतीतून कापायचा की नाही, ते करारात स्पष्ट लिहा. पावसाने धरलेली बुरशी ही भाडेकरूने केलेली नासधूस नव्हे, हे वाक्य येथील करारात मुद्दाम घालण्यासारखे आहे. घरात शिरताना प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढून बाईंना त्याच दिवशी पाठवून ठेवा.

बँकेत असल्यामुळे घरभाडे भत्त्याचे नियम तुम्हाला ठाऊक असतीलच. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. बँकेचे निवासस्थान किंवा लीजची सोय उपलब्ध असेल, तर करार बँकेच्या नावाने होऊ शकतो. व्यक्तीच्या मानाने संस्थेला घर देताना येथील मालक कमी बिचकतात.

मुलाच्या शाळेचे मात्र घराच्या आधी बघा. गोवा मंडळाच्या शाळांत सहावी ते दहावीचे शैक्षणिक वर्ष २०२५ पासून एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहे, त्यामुळे जूनमध्ये दाखल होणारा मुलगा एप्रिलच्या अभ्यासात मागे पडलेला असू शकतो. शाळेला पूर्वकल्पना देऊन राहिलेला अभ्यासक्रम मागून घ्या आणि प्रवेशाची लेखी हमी मिळाल्यावरच ताळगाव की अन्य भाग, ते नक्की करा. पत्नीला मराठी वाचनाची आवड असल्यास पणजीतील पाटो भागातले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ताळगावपासून जवळ आहे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयातला मराठी विभाग पाहिला, की पुणे सोडल्याची रुखरुख थोडी कमी होईल. शेजाऱ्यांशी बोलताना मराठी सगळ्यांना समजते, पण उत्तर कोकणीत येईल. ते तसेच येऊ द्या, सहा महिन्यांत मुलगा तुमच्याआधी बोलू लागलेला असेल.

प्रश्न : मी बांद्याचा असून म्हापशाजवळच्या एका हॉटेलात मला नोकरी लागली आहे. काम रात्री अकराला संपते. आमच्याकडची बरीच मुले रोज दुचाकीने गोव्यात ये-जा करतात. मीही तसेच करावे, की म्हापशात खोली घ्यावी? माझ्या गाडीचा क्रमांक एमएच-०७ चा आहे, तो बदलावा लागेल का? — एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : दिवसपाळी असती तर ये-जा करा म्हटले असते. रात्री अकरानंतर, दमलेल्या अवस्थेत, पावसात महामार्गावरून दुचाकी चालवणे मला मुळीच पसंत नाही, आणि त्या वेळी बसही मिळणार नाही. पुष्कळ हॉटेलांत कर्मचाऱ्यांसाठी खोल्या असतात, त्यांची चौकशी नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वीच करा. हॉटेलची खोली नसेल, तर दोघातिघांनी मिळून म्हापसा शहरात खोली घ्या आणि साप्ताहिक सुट्टीला घरी जा. ती सुट्टी शुक्रवारी मागू नका. म्हापशाचा बाजार त्या दिवशी भरतो आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

क्रमांकाबाबत नियम असा : रोज ये-जा करणाऱ्याला काही करावे लागत नाही, परंतु दुसऱ्या राज्यात गाडी सलग १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी सिंधुदुर्गच्या परिवहन कार्यालयाकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि गोव्यातला रस्ता कर भरावा लागतो. पहिल्या वर्षी घाई करू नका, नोकरी टिकते का ते पाहा. तोवर विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि परवाना डिजिलॉकरमध्ये ठेवा. बाहेरच्या क्रमांकाची गाडी म्हापसा-कळंगुट रस्त्यावर पर्यटकाची समजून अडवली जाते, आणि कागद पुरे असले की दोन मिनिटांत सोडलीही जाते.